पाचशे मिलिमीटरचे मेदूवडे

भिगवणहून आले त्या रात्री जेवणं झाल्यावर फोटो टीव्हीवर लावले. उजनीच्या फुगवट्याचं पाणी, सकाळचं तिरपं ऊन, पाणकणसाच्या कडेला उभा जांभळा बगळा. डोळा लख्ख, मानेवरचे पट्टे लख्ख. आणि त्याच्या मागे, जिथं पाण्यावर ऊन चमकत होतं तिथं, शेकड्यांनी कडी. मधे भोक असलेली, एकावर एक चढलेली. आईनं चष्मा नाकावर नीट बसवला, थोडं पुढे वाकून पाहिलं आणि विचारलं, "पाण्यात मेदूवडे कुणी सोडलेत गं?"

तेव्हापासून आमच्या घरात माझ्या मिरर लेन्सच्या (आत आरसे असलेल्या लेन्सच्या) त्या कड्यांना मेदूवडेच म्हणतात. पुढचं वर्षभर मी जे काही कापलं, चिकटवलं आणि फेकून दिलं, ते सगळं हे वडे ताटातून काढायला.

लेन्स मी २०२३ च्या दिवाळीनंतर घेतली. पुण्यातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी दुकान आवरायला काढलं होतं. काचेच्या कपाटात खालच्या फळीवर ती होती: ५०० मिलिमीटर, एफ/८ (हा आकडा जितका मोठा, तितका आत येणारा उजेड कमी), सोव्हिएत बनावटीची, साडेपाच हजार रुपये. एवढ्या फोकल लेंग्थची, म्हणजे दूरचं इतकं जवळ आणणारी, साधी लेन्स हातभर लांब असते आणि तिची किंमत ऐकून आपण दुकानातून पाणी पिऊन बाहेर पडतो. ही मात्र वीतभरही नाही, कारण आत प्रकाश सरळ जात नाही. पुढच्या वक्र काचेतून आत शिरतो, मागच्या आरशावर आपटून पुढे येतो, तिथल्या छोट्या आरशावरून पुन्हा मागे फिरतो आणि मोठ्या आरशाच्या मधल्या भोकातून कॅमेऱ्यात उतरतो. लांब जिना गुंडाळून गोल जिना करावा तसं. या घडणीचं मूळ सोव्हिएत प्रकाशशास्त्रज्ञ द्मित्री मक्सूतोव यांनी १९४१ साली दुर्बिणीसाठी काढलेल्या युक्तीत आहे. लेन्सच्या कडेवर जे "३एम" लिहिलेलं दिसतं, त्यातला पहिला आकडा हा आकडाच नाही, हे मला फार उशिरा कळलं. ते रशियन लिपीतलं अक्षर आहे, 'झेर्काल्नो' म्हणजे आरशाचं, याचं आद्याक्षर. मी महिनाभर लोकांना "थ्री एम" सांगत फिरत होते.

पहिली फजिती अ‍ॅडॉप्टरची. लेन्सला ४२ मिलिमीटरचे आटे आहेत, माझा कॅमेरा कॅननचा. ऑनलाइन शोधलं, "४२ मिमी ते कॅनन" असं लिहिलेली एक रिंग मागवली. दोन फेरे छान बसली आणि मग अडकली. जोर लावला असता तर आटे गेलेच असते. ४२ मिलिमीटरचे आटे दोन प्रकारचे असतात. जुन्या एम४२ माउंटचे (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसवायची जोडणी) आटे एकेक मिलिमीटरवर, आणि टी-माउंटचे पाऊण मिलिमीटरवर. मला टी-माउंटची रिंग आली होती. अडकलेल्या अवस्थेत तशीच कॅमेऱ्याला लावून गच्चीवर गेले, तर समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी छान दिसते आणि चंद्र म्हणजे नुसता कापसाचा बोळा. टी-माउंटची रिंग बरीच जाड असते. लेन्स सेन्सरपासून जवळजवळ १ सेंटिमीटर जास्त दूर बसली होती, म्हणून पंचवीस-तीस मीटरच्या पलीकडे तिला काहीच दिसत नव्हतं. दीडेक मिलिमीटर जाडीची पातळ, बरोबर रिंग आल्यावर चंद्र जागेवर आला: सेन्सरवर साडेचार मिलिमीटरचा, विवरं मोजता येतील असा. त्या रात्री मी या लेन्सच्या प्रेमात पडले. वडे नंतर दिसले.

वडे का येतात हे समजायला वेळ लागला नाही. झाडाखाली पडणारे कवडसे गोल असतात, कारण पानांमधल्या फटी कशाही असल्या तरी कवडसा सूर्याचा आकार घेतो. लेन्समध्ये नेमकं उलटं होतं. दूरचा चमकता ठिपका फोकसबाहेर गेला की तो पसरतो आणि भोकाचा आकार घेतो. साध्या लेन्सचं भोक गोल, म्हणून गोल चकत्या. माझ्या लेन्सचं भोक कंकणाकृती आहे, कारण पुढचा छोटा आरसा बरोबर मधोमध बसून वाट अडवतो. फूटपट्टीनं मोजलं तर बाहेरचा व्यास साधारण ६३ मिलिमीटर, मधला काळा गोल ३०. म्हणजे २३ टक्के प्रकाश दारातच परत. शिवाय दोन आरसे थोडा थोडा खातात. लेन्सवर एफ/८ लिहिलंय खरं, पण माझ्या साध्या झूमवर एफ/८ लावून एकाच भिंतीचे फोटो काढले तेव्हा हिचा फोटो अर्ध्या स्टॉपहून जास्त काळा आला (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा). मी मनात तिला एफ/१० धरते.

ठिपक्यांचे वडे होतात, ते एक वेळ परवडले. खरा त्रास गवताचा. फोकसबाहेरची प्रत्येक काडी दुहेरी दिसते, कारण कंकणाच्या दोन्ही कडांना प्रकाश जास्त आणि मधे कमी. पाणकणसाच्या बेटात उभ्या असलेल्या बगळ्यामागे सगळं बेट दुहेरी रेघांनी गिजबिजलेलं. चष्म्याचा नंबर चुकल्यासारखं वाटतं.

साधी लेन्स असती तर अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, बारीक करून पाहिलं असतं. हिला अ‍ॅपर्चरच नाही, आणि नसण्याला कारण आहे. पाकळ्यांचा पडदा बाहेरून आत येत मिटतो. इथं तो मिटत मिटत मधल्या काळ्या गोलाला टेकला की खेळ खलास. म्हणून या लेन्सबरोबर मागे लावायचे राखी फिल्टर देतात: उजेड जास्त वाटला तर गॉगल घाला, डोळे मिचकावू नका.

पण पुठ्ठा आणि कंपासपेटी घरात असताना गप्प कोण बसेल! लेन्सच्या तोंडावर अगदी घट्ट बसणारी वस्तू आमच्या स्वयंपाकघरात सापडली: श्रीखंडाच्या डब्याचं झाकण. कडेला आतून फेल्टची पट्टी चिकटवली, बाहेरून मॅट काळा स्प्रे मारला, मधला भाग कापून काढला. आता त्यात पुठ्ठ्याच्या चकत्या अदलून-बदलून बसवता येत होत्या. श्रीखंड संपवायला घरातल्या सगळ्यांनी मदत केली.

पहिली चकती ५० मिलिमीटर भोकाची, नेहमीसारखं बाहेरून आवळणारी. अपेक्षेप्रमाणे फसली. मधला गोल तेवढाच राहिला, कंकण बारीक झालं, आणि वड्यांच्या जागी बांगड्या आल्या. एक स्टॉप उजेड गेला तो वेगळाच.

दुसरी कल्पना दुर्बिणवाल्यांकडून उचलली. न्यूटोनियन दुर्बिणीच्या झाकणावर बरेचदा एका बाजूला छोटं टोपण असतं. ते काढलं की दुर्बीण फक्त त्या कडेच्या भोकातून बघते, मधला आरसा वाटेत येतच नाही. माझ्या कंकणाची रुंदी सोळा मिलिमीटर आणि थोडी वर. म्हणून कर्कटकानं १६ मिलिमीटरचं एक भोक बरोबर कंकणात बसेल असं बाजूला आखलं, ब्लेडनं कापलं, कडा सँडपेपरनं गुळगुळीत केल्या. समोरच्या गुलमोहरावर साळुंकी बसली होती. मागे एका गाडीची काच चमकत होती. फोटो काढला. वडा नाही! गोल, भरलेली, शहाणी चकती. मी खुर्चीतून उठून आईला दाखवायला गेले.

मग तोच फोटो मोठा करून पाहिला. साळुंकीच्या डोळ्याभोवतीचा पिवळा भाग जणू ओल्या कागदावर रंगवलेला. ५०० ला १६ नं भागा: एफ/३१. एवढ्या छोट्या भोकातून प्रकाश स्वतःच पसरतो, आणि प्रत्येक बिंदूची सेन्सरवर ४२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टिकली होते. माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल पावणेचार मायक्रॉनचा आहे. म्हणजे एकेक बिंदू अकरा पिक्सेलवर लिंपलेला. वर साडेतीन स्टॉप उजेड गेला. जिथं सेकंदाच्या हजाराव्या भागात काम भागत होतं तिथं नव्वदावा भाग लागायला लागला, आणि ५०० मिलिमीटर हातात धरून त्या वेगाला साळुंकी काय, ट्रकसुद्धा हलतो.

ती चकती फेकणार होते, पण मे महिन्यात तिनं पांग फेडले. २०२४ च्या मे महिन्यात सूर्यावर ३६६४ क्रमांकाचा प्रचंड डागसमूह होता. १० तारखेच्या आसपास त्याच्यामुळे जगभर ध्रुवीय प्रकाश दिसला, तोच. सूर्यासाठी उजेडाची ददात नसते, आणि १६ मिलिमीटरच्या भोकाला दुर्बिणीवर लावतात त्या सौर-फिल्मचा एवढासा तुकडा पुरतो. माझ्याकडे मैत्रिणीकडून आलेला उरलासुरला तुकडा होता. तो भोकावर आतून ताण न देता चिकटवला, झाकण टेपनं लेन्सला पक्कं केलं. इथं एक गोष्ट ठासून सांगते. फिल्टर लेन्सच्या तोंडावरच हवा. मागच्या राखी फिल्टरच्या भरवशावर ही लेन्स सूर्याकडे वळवली तर आरसे सगळं ऊन गोळा करून त्या टिकलीएवढ्या काचेवर ओततील, आणि मागे सेन्सर किंवा तुमचा डोळा असेल. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४००, सेकंदाचा अडीचशेवा भाग. सूर्याच्या साडेचार मिलिमीटरच्या बिंबावर तो डाग शाईच्या ठिपक्यांच्या रांगेसारखा स्वच्छ आला. एफ/३१ ची चकती आता फक्त सूर्याची.

तीन भोकांची चकती मी खरं तर चुकून केली. एका भोकानं उजेड पुरत नाही, तर तीन पाडू, असा भाबडा विचार. कंकणात १२० अंशांवर तीन भोकं. फोटोत मागच्या प्रत्येक चमकत्या ठिपक्याचे तीन ठिपके झाले. एका वड्याऐवजी तीन छोट्या इडल्या! पण लाईव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, फोकसची रिंग फिरवताना गंमत दिसली: तिन्ही ठिपके सरकत सरकत एकत्र येतात, आणि जिथं एक होतात तिथंच नेमका फोकस. थोडं पुढे गेलं की पुन्हा फुटतात. मला वाटलं मी शोध लावला. सतराव्या शतकात जर्मन खगोलशास्त्रज्ञ ख्रिस्टोफ शायनर यांनी दोन भोकांनी हेच केलं होतं, आणि ग्रहगोलांचे फोटो काढणारे लोक असले मुखवटे आजही वापरतात, हे एका दुर्बिणवाल्या स्नेह्यांनी चहा पिताना शांतपणे सांगितलं. असो. या लेन्सचा फोकस हातानं करावा लागतो, आणि तिची रिंग अनंताच्याही पुढे थोडी फिरते, कारण उन्हाथंडीनं नळी आखडते-पसरते आणि फोकसची जागा हलते. चंद्राला "रिंग शेवटपर्यंत फिरवली" हे उत्तर इथं चालत नाही. तीन भोकं लावून एखाद्या ताऱ्यावर फोकस करायचा, रिंगवर टेपची खूण करायची, चकती काढायची आणि मग चंद्र. ही एक चकती माझ्या बॅगेत कायमची राहिली.

मधे मच्छरजाळीचं प्रकरण झालं. मला कडी घालवता येत नसतील तर निदान त्यांच्या कडा मऊ करता येतील का, असं वाटलं. कंकणाच्या बाहेरच्या आणि आतल्या कडेवर जाळीची झालर लावली, म्हणजे उजेड एकदम न तुटता हळूहळू कमी होईल. दिवसा खरोखरच वडे जरा मऊ झाले, पीठ नीट भिजल्यासारखे. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले आणि प्रत्येक दिव्याभोवती इंद्रधनुष्यी ठिपक्यांचा क्रूस उभा राहिला. सव्वा मिलिमीटरच्या समान चौकटींची जाळी म्हणजे प्रकाशाला फोडणारी जाळीच. हिशेब केला तर पहिलं भूत मूळ दिव्यापासून सेन्सरवर साठेक पिक्सेल दूर पडायला हवं. मोजलं, तिथंच होतं. गणित जुळल्याचा आनंद झाला आणि जाळी खिडकीला परत गेली.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम लेन्सच्या हुडचं निघालं, ज्याचा अ‍ॅपर्चरशी काही संबंध नाही. मिरर लेन्सचे फोटो धुरकट येतात अशी तक्रार सगळेच करतात. बराचसा धूर बाजूनं आत शिरणाऱ्या उजेडाचा असतो. काळ्या कार्डपेपरची वीतभर नळी, आतून काळं मखमलीचं कापड. रविवार पेठेत पाव मीटर मागितलं तर दुकानदारानं "ब्लाउजपीस का, मॅडम?" म्हणून विचारलं. लेन्सला, असं सांगितल्यावर तो कापायचा थांबला. पण फरक एवढा पडला की पहिल्या दिवशी मला वाटलं कॅमेऱ्याची सेटिंग बदलली.

आणि त्याच मखमलीनं मला हवं ते दाखवलं.

डिसेंबरात पुन्हा भिगवणला गेले. पहाटेची थंडी, गाडीतून काढलेली उबदार लेन्स. अशा लेन्सला अर्धा तास बाहेर निवू द्यावं लागतं, नाहीतर नळीतली हवाच तरळत राहते. नावाडी दादा घाईत होते: "ताई, ऊन वर आलं की पाण्यावरनं वाफ उठल्यासारखं दिसतं, मग तुमचं सगळं हलतं." अगदी खरं. नऊनंतर दूरचं काही टिपता येत नाही. पाणकणसाच्या बेटाजवळ जांभळा बगळा होताच. पन्नासेक फोटो काढले. काठावर आल्यावर लक्षात आलं की दवानं गोंद सुटून मखमल लोंबतेय आणि लेन्सच्या तोंडाचा डावीकडचा जवळजवळ अर्धा भाग झाकलाय. कधीपासून, कोण जाणे. सकाळ वाया गेली म्हणून चरफडत घरी आले.

टीव्हीवर फोटो लावले आणि आधी मला कळेना की काय वेगळं आहे. फोटो काळपट होते, एक स्टॉप कमी. पण बगळ्यामागचं बेट शांत होतं. काड्या दुहेरी नव्हत्या. प्रत्येक काडीची एकच, मऊ, एका बाजूला विरत गेलेली रेघ.

वही काढली. पूर्ण कंकण आडवं पसरलं की डावीकडे एक उंचवटा, उजवीकडे एक, मधे खळगा. काडी दोन दिसते ती या दोन उंचवट्यांमुळे. उभी रेघ मारून कंकणाचा डावा अर्धा झाकला तर एकच उंचवटा उरतो. खळगा गेला की दुसरी काडीही गेली. मी वर्षभर भोक लहान करत होते, गोल करत होते, मऊ करत होते. मधलं भोक घालवायची गरजच नव्हती. उभ्या गवतासाठी कंकण उभं चिरायचं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी श्रीखंडाच्या झाकणात अर्धी चकती बसवली आणि गॅलरीत दोरीवर वाळत घातलेल्या सुतळ्यांवर तासभर तपासलं. उभ्या सुतळ्या एकेरी. आडव्या दोऱ्या मात्र पहिल्यासारख्याच दुहेरी. चकती ९० अंशांत फिरवली की उलट. फोकसच्या पुढच्या वस्तूंचे अर्धे वडे एका बाजूला तोंड करतात आणि मागच्यांचे दुसऱ्या बाजूला, म्हणून फोटोत पुढे-मागे दोन्हीकडे चमक असेल तर चित्र विचित्र दिसतं. उभ्या कडांची धार थोडी बोथट होते, कारण त्या दिशेला भोक अर्धंच उरलंय. डोळ्यानं जाणवेल न जाणवेल इतकी. एक स्टॉप जातो. आयएसओ ८०० चं १६०० करते आणि दाणे सोसते. पाण्यावरची चमक असेल तर अर्धे वडे येतातच. त्यांना आई करंज्या म्हणते.

उडणाऱ्या पक्ष्यांना याचा काही उपयोग नाही, मागे नुसतं आभाळच असतं. रोहितांच्या थव्याला मी झाकण काढूनच ठेवते. पण पाणकणीस, ऊस, ज्वारीची ताटं, असं उभं काही मागे असेल तर आता हात आधी झाकणाकडे जातो. कडेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय. कॅमेरा आडवा असताना तो वर, कॅमेरा उभा धरला की पाव फेरा फिरवायचा. गेल्या खेपेला जांभळ्या बगळ्यानं गळ्याएवढा मासा उचलला, मी कॅमेरा झटक्यात उभा केला आणि ठिपका फिरवायला विसरले. मासा लख्ख आलाय. मागे सगळं बेट दुहेरी.